सोलापुरात परवान्याचं पिस्तूल घेताना: पैसे कशाचे मोजताय आणि ते वसूल होतात का

एकाच बोअरची, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाची, दोन पिस्तुलं समोर ठेवली आहेत असं समजा. एक सरकारी कारखान्याचं नवं कोरं .३२, करासकट लाख-दीड लाखाच्या घरातलं. दुसरं जर्मन वॉल्थर, साठेक वर्षं जुनं, आणि मालक त्याचे कित्येक लाख सांगतोय. दोन्हींत काडतूस तेच बसतं आणि गोळीचा जोरही जवळपास सारखाच. तरी किमतीत एवढी तफावत, कारण १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला परदेशातून हत्यार मागवता येत नाही. नामांकित नेमबाजांसारखे थोडे अपवाद सोडले तर देशात परदेशी माल जेवढा आधी आला तेवढाच फिरतोय. त्यामुळे जुन्या वॉल्थर, वेब्ली, कोल्टच्या किमतीतला बराचसा भाग हा टंचाईचा भाग असतो.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. गरज खरी असेल तर कारखान्याचं साधं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर आपली किंमत वसूल करतं. संरक्षणासाठी म्हणून जुन्या परदेशी पिस्तुलावर लाखो रुपये घालणं वसूल होत नाही. आणि सोलापुरात अर्जाचा विचार करणाऱ्या बऱ्याच लोकांना मुळात हत्याराची गरज नसते. ते कसं ओळखायचं, इथपासून सुरुवात करू.

आधी गरज तपासा

रानडुकरं डाळिंब उकरतात, ऊस लोळवतात म्हणून सांगोला-माळशिरसकडचे शेतकरी परवान्याची चौकशी करतात. त्यांच्यासाठी हँडगन, म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, निरुपयोगी आहे. आखूड नळीच्या .३२ ने अंधारात पळतं जनावर लागत नाही, आणि लागलं तर जखमी होऊन जास्त घातक होतं. पीक संरक्षणासाठी लांब नळीची बारा बोअर बंदूक मागायची असते. तीही घेतली तरी जनावरावर गोळी झाडायला वन खात्याची परवानगी वेगळी लागते.

रोकड नेणारे लोक हा दुसरा वर्ग: सराफ, पंपमालक, मार्केट यार्डातले अडते, ऊसतोड मुकादमांना उचल वाटणारे. यांनी आधी एक हिशोब करावा. रोकड किती वेळा, कोणत्या रस्त्याने, किती वाजता जाते? तीच रक्कम बँकेतून पाठवता आली, किंवा वेळ आणि रस्ता रोज बदलता आला, तर निम्मा धोका तिथेच संपतो. लूट बहुधा मागून, गाडी आडवी घालून, डोळ्यांत पूड टाकून होते. अशा वेळी कमरेचं हत्यार हातात यायला वेळच मिळत नाही, उलट ते लुटारूच्या हाती जातं. गोदामाला, दुकानाला किंवा वस्तीवरच्या घराला चांगले दिवे, भक्कम दार, कॅमेरे आणि रात्रीचा माणूस यांचा उपयोग जास्त.

एवढं करूनही धोका उरतो का? प्रत्यक्ष धमकी, हल्ला, खंडणीचा फोन, त्याची पोलिसांत नोंद? मग पुढे वाचा. प्रतिष्ठेसाठी, लग्नात कमरेला दिसावं म्हणून हवं असेल तर इथेच थांबा. मिरवण्याला परवाना नसतो. वरातीत हौसेने किंवा निष्काळजीपणे गोळी झाडली तर शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

अर्ज कुठे, आणि काय अडतं

शहर आणि ग्रामीण यांचे दरवाजे वेगळे आहेत. फौजदार चावडी, जेलरोड, सदर बझार, विजापूर नाका, जोडभावी पेठ, सलगर वस्ती, एमआयडीसी अशा आयुक्तालयाच्या ठाण्यांच्या हद्दीत राहत असाल तर परवाना पोलीस आयुक्त देतात. पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट, मोहोळ, करमाळा वगैरे उरलेल्या जिल्ह्याला जिल्हाधिकारी. पत्ता एका हद्दीतला आणि अर्ज दुसरीकडे, यात महिने जातात. आधार, रेशनकार्ड, वीजबिल यांवरचा पत्ता आधी एकसारखा करून घ्या.

उत्तर सोलापूर तालुक्यातल्यांनी एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवावी. नान्नजचं माळढोक अभयारण्य जवळ आहे. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. तुमचं गाव त्या टप्प्यात येतं का ते वन कार्यालयात विचारून घ्या, म्हणजे फाइल मध्येच का अडली हे कोडं पडणार नाही.

क्रम असा असतो:

१. वय २१ पूर्ण हवं. अर्ज नमुना ए-१ मध्ये, केंद्राच्या शस्त्र परवाना पोर्टलवर.

२. सोबत ओळख व पत्त्याचे पुरावे, फोटो, आयकर विवरणपत्रं, नमुना एस-३ मधलं वैद्यकीय प्रमाणपत्र, नमुना एस-१ मधलं शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, हत्यार सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र. धमकीची तक्रार किंवा गुन्हा नोंदवला असेल तर त्याची प्रत. हीच अर्जाची खरी ताकद.

३. पोलीस चौकशी. घर, शेजार, गुन्ह्यांची नोंद, भाऊबंदकीचे वाद हे सगळं पाहिलं जातं. जमिनीच्या वादात दोन्ही बाजूंनी परवाना मागितला की दोन्ही अर्ज अडकतात, आणि ते योग्यच आहे.

४. नियमात पोलीस अहवालाला ३० दिवस आणि त्यानंतर निर्णयाला ६० दिवस धरले आहेत. प्रत्यक्षात याहून बराच जास्त वेळ धरून चाला.

५. नाकारलं तर कारण लेखी मागा. आदेशाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येतं: जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर पुण्याला विभागीय आयुक्तांकडे, पोलीस आयुक्तांच्या आदेशावर राज्य शासनाकडे. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावर परवाना नाकारता येत नाही, हे शस्त्र कायद्याच्या कलम १४ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे.

अर्जात बोअर लिहिताना .३२ लिहायचं. ९ मिमी, .३८, .४५ ही हँडगनची बोअरं प्रतिबंधित आहेत, त्यांचा विषय दिल्लीला गृह मंत्रालयाकडे जातो आणि साध्या अर्जदाराला ती मिळत नाहीत.

परवाना हातात येण्याआधी कुणालाही हत्याराची उचल देऊ नका. 'दुसऱ्या राज्यातून लायसन्स काढून देतो' म्हणणारा दलाल तुम्हाला तुरुंगाच्या वाटेवर नेतो. परवान्यावर राष्ट्रीय नोंदीतला यूआयएन क्रमांक नसेल तर तो कागद परवाना म्हणून ग्राह्य धरला जात नाही. मोबाइलवर फोटो टाकून 'ओरिजिनल पिस्तूल, घरपोच' म्हणणारे तर आगाऊ पैसे घेऊन गायब होतात. खरोखर माल दिलाच तर तो गावठी कट्टा असतो. विनापरवाना हत्यार जवळ बाळगण्याला किमान दोन आणि कमाल पाच वर्षं, प्रतिबंधित बोअरचं असेल तर सात ते चौदा वर्षं कैद आहे. त्यात कट्ट्याची नळी कच्च्या लोखंडाची, चेंबरला, म्हणजे काडतूस बसतं त्या खोबणीला, माप नाही. फुटला की आधी चालवणाऱ्याची बोटं जातात.

किंमत उलगडून पाहा

२२ सप्टेंबर २०२५ पासून पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हरवर जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला. मूळ किंमत एक लाख असेल तर पूर्वी बिल १,२८,००० व्हायचं, आता १,४०,००० होतं. हे ४०,००० हत्यारात कुठेही दिसत नाहीत आणि विकताना परतही येत नाहीत. म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न हा विचारा: सांगितलेला आकडा करासकट की कराविना? जुनी दरपत्रकं अजून फिरतात, त्यांवर विसंबू नका.

वरचा खर्च लोक धरत नाहीत. परवान्याची फी, प्रशिक्षण, डॉक्टर, भिंतीत किंवा जमिनीत बोल्ट करायची लहान तिजोरी, होल्स्टर (हत्यार ठेवायची म्यान), साफसफाईचं सामान, पहिली काडतुसं, सरावाच्या रेंजवर जाण्यायेण्याचा खर्च. हत्याराच्या किमतीच्या किमान पाचवा हिस्सा यासाठी बाजूला काढून ठेवा. सगळे पैसे हत्यारात घालून तिजोरी 'नंतर बघू' म्हणणारा माणूस चुकीच्या ठिकाणी खर्च करतोय.

या पैशात .३२ मध्ये मिळतं काय

गोळीचा जोर ज्यूलमध्ये मोजतात. रिव्हॉल्व्हरच्या .३२ लाँग काडतुसातून सुमारे ६.३ ग्रॅमची शिशाची गोळी निघते, जोर साधारण १६० ज्यूल. पिस्तुलाच्या .३२ मध्ये ४.६ ग्रॅमची तांब्याच्या कवचाची गोळी, जोर १७५ च्या आसपास. पोलिसांच्या ९ मिमीला ४५० ते ५०० ज्यूल असतात. म्हणजे आपण विकत घेतो ते ९ मिमीच्या साधारण एक तृतीयांश जोराचं हत्यार. .२२ तर आखूड नळीतून शंभरच्या आसपासच राहतं.

याचा अर्थ .३२ खेळणं आहे असा मुळीच नाही. ते जीव घेतं. पण एका गोळीत समोरचा माणूस जागेवर थांबेल अशी खात्री त्यात नाही. चार-पाच मीटरवर, म्हणजे दिवाणखान्याच्या लांबीवर, नीट नेम धरलेल्या दोन-तीन गोळ्या हा त्याचा व्यवहार. त्यामुळे पैसा नळीवर कोरलेल्या नावापेक्षा हाताच्या सवयीवर लावणं फायद्याचं. परदेशी पिस्तुलाचा चाप मऊ असतो, फिनिश देखणी असते, पण गोळीचा जोर तोच राहतो.

नव्याने घेणाऱ्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ काडतुसांत होतो. परवान्यावर दोन्हीकडे '.३२' असतं, पण रिव्हॉल्व्हरचं .३२ लाँग आणि पिस्तुलाचं .३२ ही वेगळी काडतुसं आहेत. रिव्हॉल्व्हरचं लांब, सरळ, बुडाला रुंद कड असलेलं. पिस्तुलाचं आखूड, कड जेमतेम. पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये (काडतुसं बसतात त्या फिरत्या नळकांड्यात) कधी कधी घुसतंही. ते झाडायचं नाही, त्याचा दाब वेगळा आणि बसणं सैल. काडतुसं घेताना डबा वाचा, एक काढून आपल्या हत्याराच्या मॅन्युअलमधल्या नावाशी ताडून बघा. एका वेळी किती बाळगायची आणि वर्षात किती विकत घ्यायची, याचे दोन वेगळे आकडे परवान्यावर लिहिलेले असतात. दोन्ही पाळायचे.

कोणतं घ्यावं

१ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. हत्यारं आता कानपूरच्या एडब्ल्यूईआयएल कंपनीकडे आहेत, काडतुसं आपल्या पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे. जुन्या-जाणत्यांच्या तोंडी अजूनही 'ऑर्डनन्सचं' हेच नाव आहे.

.३२ रिव्हॉल्व्हर मार्क ३ हे जुनं, वेब्ली घाटाचं, सहा गोळ्यांचं. कडी दाबली की नळी पुढे झुकते आणि रिकामी टरफलं एकदम वर येतात. वजनदार, दिसायला साधं, चाप जड. नवख्या माणसाला आमची पहिली शिफारस हीच. काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं समोर येतं. अंधारात, घाबरलेल्या हाताला यापेक्षा सोपं काही नाही.

'निर्भीक' २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून आलं. वजन सुमारे ५०० ग्रॅम, तेव्हाची किंमत १,२२,३६० रुपये. जास्तीचे पैसे हलक्या धातूचे. रोज पर्समध्ये किंवा कमरेला बाळगायचं असेल तर ते पैसे योग्य. कपाटात राहणार असेल तर हलकेपणाचा काडीचाही फायदा नाही, उलट जड हत्यार हातात कमी हलतं. .२२ चं 'निडर' सुमारे २५० ग्रॅमचं आणि स्वस्त, पण त्याचा जोर पाहता संरक्षणासाठी आम्ही ते सुचवत नाही. २०२३ मध्ये आलेल्या 'प्रबल'चं सिलिंडर बाजूला उघडतं, आणि ५० मीटर पल्ल्याची जाहिरात झाली. पल्ल्याच्या आकड्यासाठी पैसे देऊ नका. पन्नास मीटरवरच्या माणसावर गोळी झाडून स्वसंरक्षण म्हणणं न्यायालयात टिकणं फार अवघड. त्याचा खरा फायदा बाजूला उघडणाऱ्या सिलिंडरचा आहे. उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथे वेब्ली नावाने खासगी उत्पादनही होतं, फिनिश चांगली आणि किंमत चढी.

पिस्तूल पाहिजेच असेल तर सरकारी .३२ 'अशनी'. चपटं असल्याने कपड्यांखाली नीट बसतं. पण स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) ओढणं, चेंबर रिकामं झालं का पाहणं, अडकलेलं टरफल काढणं हे सगळं हातात बसल्याशिवाय घेऊ नका. मॅगझिन (मुठीतली काडतुसांची पेटी) काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, या समजुतीने घराघरांत अपघात होतात. एक गोळी चेंबरमध्ये राहिलेली असते.

काउंटरवरची तपासणी

सरकारी मालातही एक नग दुसऱ्यासारखा नसतो. दुकानात असतील तेवढे नग काढायला सांगा आणि प्रत्येकाला अर्धा तास द्या. सोबत पाच गोष्टी न्या: छोटा टॉर्च, पांढऱ्या कागदाचा तुकडा, गॅरेजवाले वापरतात ते फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), एक रुपयाचं नाणं, आणि शक्य असेल तर .३२ ची डमी (दारू नसलेली, नुसत्या आकाराची) काडतुसं.

हत्यार हातात घेताच उघडा. चेंबर डोळ्यांनी पाहा, बोट घालून चाचपा. दुकानदाराने तुमच्यादेखत रिकामं करून दाखवलं असलं तरी स्वतः पाहा. नळी सतत भिंतीकडे किंवा जमिनीकडे.

रिव्हॉल्व्हर असेल तर:

नळी उघडून मागच्या तोंडाशी पांढरा कागद धरा आणि पुढून टॉर्च न मारता बघा. आतल्या पिळाच्या, म्हणजे वळत जाणाऱ्या खाचांच्या, कडा तीक्ष्ण, सलग दिसल्या पाहिजेत. ठिपके म्हणजे गंज. नळीत कुठे काळी कंकणासारखी रेघ दिसली तर तिथे नळी फुगलेली असू शकते, तो नग बाजूला ठेवा.

आता बंद करा. कडी 'टक' आवाजाने बसली पाहिजे. नळी आणि मूठ धरून हलकं पिळून पाहा. बिजागरीत हालचाल जाणवली तर नको, या घाटात तीच जागा आधी झिजते.

घोडा, म्हणजे चाप ओढल्यावर मागून आदळणारा भाग, सावकाश मागे ओढा. घोडा पूर्ण मागे जाण्याआधी किंवा त्याच क्षणी सिलिंडर कुलूपबंद झालं पाहिजे. घोडा अडकल्यावरही सिलिंडर बोटाने पुढे सरकून 'टिक' करत असेल तर टायमिंग चुकलेलं आहे. अशा हत्यारात गोळी नळीच्या काठाला घासते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. हे सहाच्या सहा चेंबरवर बघा. पाच बरोबर आणि सहावं चुकलेलं, असे नग सर्रास निघतात.

सिलिंडर आणि नळी यांच्यामधली फट फीलर गेजने मोजा. ०.१० ते ०.२० मिमी चांगली. ०.३० ची पट्टी सहज आत गेली तर जोर वाया जातो आणि बाजूला आग फेकली जाते. पट्टी जातच नसेल तर थोड्याच गोळ्यांनंतर काजळी बसून सिलिंडर जाम होईल.

शेवटी चाप. डमी भरून, नळीवर पुढच्या माशीजवळ (नेम धरायच्या उंचवट्याजवळ) नाणं ठेवा आणि घोडा न चढवता सरळ चाप ओढा. नाणं दहापैकी सहा-सात वेळा टिकलं तर चाप तुमच्या बोटाला झेपतोय. या रिव्हॉल्व्हरना चापावर पाच किलोच्या आसपास, कधी जास्तच जोर लागतो. घरात पत्नीही परवानाधारक होणार असेल, तर तिच्या बोटाने हीच चाचणी करून घ्या. चाप मऊ करायला घोड्याची स्प्रिंग कापून देणारे कारागीर भेटतात. तसं केलं की पिन काडतुसाच्या टोपीवर पुरेशी आदळत नाही आणि ऐन वेळी नुसता 'खट्' आवाज होतो.

पिस्तुलात स्लाइड पूर्ण मागे ओढून सोडा, ती कुठेही न रेंगाळता बंद झाली पाहिजे. मॅगझिनच्या वरच्या दोन ओठांत वाक नको. अडकण्याचं मूळ बहुतेक वेळा पिस्तुलात नसतं, मॅगझिनमध्ये असतं, म्हणून दुसरं मॅगझिन मिळणार असेल तर तेही त्याच पिस्तुलात डमी भरून चालवून पाहा. सेफ्टी लावून चाप ओढा, मग सेफ्टी काढा. काढताना घोडा किंवा पिन सुटली तर ते पिस्तूल धोकादायक आहे.

मग क्रमांक. हत्यारावरचा आणि बिलावरचा क्रमांक अक्षर न् अक्षर जुळवा. एक अंक चुकला तर पुढे नूतनीकरणात तुम्ही भलतंच हत्यार बाळगता असा अर्थ निघतो, आणि चूक दुकानाची की तुमची हे सिद्ध करत हेलपाटे तुम्हालाच घालावे लागतात.

जुनं परदेशी घ्यायचंच असेल तर

संग्राहक असाल, यंत्राची आवड असेल, तर वॉल्थरवर पैसे घालण्यात काही चूक नाही. ती आवडीची किंमत आहे आणि माणसाने ती जाणून द्यावी. तपासणी मात्र दुप्पट. फिनिश नवीकोरी चकचकीत असेल तर संशय घ्या: पुन्हा निळं पाणी चढवताना गंजाचे खड्डे घासले जातात आणि कोरलेली अक्षरं पुसट, कडा गोल होतात. स्लाइड, फ्रेम, नळी यांवरचे क्रमांक आपसांत जुळतात का पाहा. मॅगझिन मूळचं आहे का विचारा, कारण सुटं मूळ मॅगझिन मिळवणं मुश्कील. रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड पुन्हा पुढे ढकलणारी) साठ वर्षांची असेल तर ती बदलायला लागेल, आणि सुटा भाग नाही म्हणून पिस्तूल वर्षभर कपाटात पडून राहू शकतं.

कागदपत्रांची साखळी मागा. आजचा मालक, त्याआधीचा मालक, आयातीची नोंद. खासगी व्यवहारात विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावं लागतं. 'आज पैसे द्या, कागद नंतर' म्हणणाऱ्याकडून काही घेऊ नका.

गुंतवणूक म्हणून घेणाऱ्यांना एवढंच सांगतो. गिऱ्हाईक फक्त परवानाधारक असतं. २०१९ मध्ये एका माणसाला बाळगता येणाऱ्या हत्यारांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, त्यामुळे आधीच दोन असलेला माणूस हौस म्हणून तिसरं घेऊ शकत नाही. आणि ही सगळी किंमत आयातबंदीवर उभी आहे, धोरण बदललं तर ती टिकणार नाही.

घरी आणल्यावर

खरेदीनंतर हत्यार आणि परवाना घेऊन नोंद करून घ्या, परवान्यावर क्रमांक चढल्याशिवाय काम पूर्ण नाही. हत्यार रिकामं, तिजोरीत. काडतुसं वेगळ्या कुलपात. किल्ली तुमच्याकडे, देवघरात किंवा फडताळात नाही. घरातली मुलं किल्लीची जागा शोधून काढतात.

आपल्या हवेचे दोन शत्रू. मार्च ते मे धूळ आणि चाळीसच्या वरचा पारा, जून ते सप्टेंबर दमट हवा. उन्हाळ्यात लोक तेल ओतून ठेवतात आणि त्यावर धूळ बसून चिकट काळा लेप तयार होतो, घोडा जड पडतो. महिन्यातून एकदा: रिकामं आहे याची खात्री, .३२ चा पितळी ब्रश नळीतून पाच-सहा वेळा, सुती चिंध्या स्वच्छ निघेपर्यंत, मग बिजागरी, घोडा आणि सिलिंडरच्या दांड्याला एकेक थेंब पातळ हत्यार-तेल आणि कोरड्या कापडाने पुसून टाकायचं. बोटाला ओलं लागलं तर तेल जास्त झालं. पावसाळ्यात तिजोरीत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या, दर पंधरवड्याला वाळवून. चामड्याच्या होल्स्टरमध्ये हत्यार ठेवून देऊ नका. चामडं ओल धरतं, आणि ऑगस्ट संपता संपता नळीवर होल्स्टरच्या शिवणीचा तांबूस ठसा उमटतो.

काडतुसांना तेल लागू देऊ नका. ते टोपीच्या कडेने आत झिरपतं आणि काडतूस मरतं. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डात काडतुसं ठेवणं हाही त्यांचा जीव घेण्याचाच प्रकार. हत्यार तर दुचाकीच्या डिकीत कधीच नाही.

सराव परवानाधारक रेंजवरच. शेतात, विहिरीत, आकाशात नाही. काडतुसांची मर्यादा असल्याने घरी रिकाम्या हत्याराने, डमी भरून, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून रोज दहा मिनिटं चाप ओढायची सवय करा. नेम सुधारायला ४.५ मिमीचं एअर पिस्तूल उत्तम. २० ज्यूलच्या आतलं असेल तर त्याला परवाना लागत नाही.

बाळगताना आणि पुढे

सार्वजनिक ठिकाणी हत्यार होल्स्टरमध्ये, झाकलेलं. परवाना फक्त महाराष्ट्रापुरता असेल तर अक्कलकोटहून गाणगापूरला दर्शनाला जाताना सीमा ओलांडली की तुम्ही विनापरवाना ठरता. इंडी, विजयपूर, कलबुर्गीकडे धंदा असणाऱ्यांनी अर्जातच देशभराची मागणी कारणासह करावी. गड्डा यात्रा, आषाढी वारी, सण-निवडणुकांच्या आगेमागे महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, ते वाचत जा. निवडणुकीत हत्यार जमा करायची नोटीस आली तर ठाण्यात जमा करून पावती घ्या. पावतीवर क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या, आणि परत घेताना हत्याराची तपासणी तिथेच करा.

परवाना पाच वर्षांचा. संपण्याच्या दोन-तीन महिने आधी नूतनीकरणाला टाका. पत्ता बदलला तर कळवा.

तुमचं वय ७० झालं किंवा हत्यार २५ वर्षं तुमच्याकडे असलं तर हयातीतच कायदेशीर वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो, तो वेळेत करा. कारण परवानाधारक वारला की हत्यार घरात ठेवणारा मुलगा विनापरवाना ठरतो. अशा वेळी घरच्यांनी दहाव्या-तेराव्याची वाट न पाहता ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं, पावती घ्यायची आणि मग वारसाने स्वतःचा अर्ज भरायचा. परवान्याची झेरॉक्स, हत्याराचा क्रमांक आणि तिजोरीची किल्ली कुठे आहे, हे घरातल्या एका जाणत्या माणसाला आजच सांगून ठेवा.